इन्सब्रुकमध्ये दोन दिवस काढायचे तर

माझ्या ओळखीतल्या बडोद्याच्या मराठी घरांमधून युरोपला जाणारी बरीच माणसे मुळात सहलीला म्हणून जातच नाहीत. ती मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला जातात, आणि पहिले आठ-दहा दिवस तिथल्या घरात रुळण्यात गेल्यावर, मुलांना सुटी असलेल्या शनिवार-रविवारी कुठे जाऊन येता येईल, असा विषय निघतो. मुलगी म्युनिकला असल्यामुळे आमच्याकडेही तो निघाला, आणि आतापर्यंत आम्ही तीनदा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला जाऊन आलो. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळे उलट्या क्रमाने केले. तेव्हापासून दांडिया बाजारातल्या आणि रावपुऱ्यातल्या ज्या ज्या मंडळींनी विचारले त्यांना जे तोंडी सांगत आलो, तेच येथे नीट लिहून काढले आहे.

इन्सब्रुक ही ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताची राजधानी आहे. ‘ब्रुक’ म्हणजे पूल. इन नदीवरच्या पुलापाशी वसलेले गाव म्हणून हे नाव. शहर समुद्रसपाटीपासून 574 मीटरवर, दरीच्या तळाशी पसरलेले आहे, आणि त्याच्या उत्तरेला नॉर्डकेटे नावाची डोंगररांग अशी सरळ उभी आहे की भर बाजारपेठेच्या रस्त्यात मान वर केली की समोर खडक आणि बर्फ दिसते. आल्प्समधली इतर सुंदर गावे डोंगरात आहेत हे खरे. पण लाख-सव्वा लाख वस्तीचे, विद्यापीठ, राजवाडा आणि ट्राम असलेले पुरते शहर आणि त्याच्या डोक्यावरच हजारो फुटांचा कडा, हा जोड दुसरीकडे सहसा मिळत नाही. जुन्या पेठेच्या कडेला गाडीत बसले की अर्ध्या तासाच्या आसपास आपण 2,200 मीटरच्या वर पोहोचतो. आपल्या पावागढाचा माथा सुमारे 800 मीटर आहे, म्हणजे या प्रवासात पहिला टप्पा जिथे संपतो ते हुंगरबुर्गच (860 मीटर) पावागढाहून उंच.

डोंगराचा कौल

दोन दिवसांचे वेळापत्रक आखताना आपण घड्याळावर आखतो. शनिवारी सकाळी शहर, दुपारी डोंगर, रविवारी संग्रहालय, असे कागदावर सोयीचे दिसते, आणि आमची पहिली खेप नेमकी त्यातच वाया गेली. शनिवारी दुपारी दोन वाजता आम्ही वर पोहोचलो, तेव्हा वरच्या स्थानकाच्या कठड्यापलीकडे नुसता दुधाळ पांढरेपणा होता. अर्धा तास वाट पाहिल्यावर आमच्या वहिनी म्हणाल्या, “एवढे पैसे भरून धुकेच बघायचे होते, तर आषाढात पावागढला गेलो असतो.”

यामागचे कारण साधे आहे. उन्हाळ्यात ऊन चढू लागले की डोंगराचे उतार तापतात, दरीतली दमट हवा त्यांच्या अंगाने वर सरकते, उंचावर थंड होऊन तिचे ढग बनतात, आणि दुपारपर्यंत तेच ढग शिखरे झाकून टाकतात. कित्येकदा संध्याकाळी गडगडाटासह पाऊसही होतो. म्हणून डोंगर सकाळचा आणि शहर दुपारचे, हा नियम धरावा, आणि कोणत्या सकाळी डोंगर, हे मात्र घरून ठरवून जाऊ नये. शनिवारी उठल्यावर आधी डोंगराचा कौल घ्यावा. वरच्या स्थानकांवर बसवलेल्या कॅमेऱ्यांची चालू चित्रे रोपवेच्या संकेतस्थळावर दिसतात. चित्र स्वच्छ असेल तर न्याहारी आटोपती घेऊन थेट वर जावे, ढग असतील तर शनिवार शहराला द्यावा आणि रविवारची सकाळ डोंगरासाठी मोकळी ठेवावी. बाकी सगळे बेत या एका निर्णयाभोवती हलवता येतात.

पर्यटकांसाठीचे ‘इन्सब्रुक कार्ड’सुद्धा याच हिशेबाने वापरावे. ते 24, 48 किंवा 72 तासांचे असते, त्यात शहरातली ट्राम-बस, संग्रहालये आणि डोंगरावर एकदा जाणे-येणे धरलेले असते, आणि त्याचे तास पहिल्या वापरापासून मोजले जातात. कार्ड आधी घेऊन ठेवायला हरकत नाही, पण ढगाळ सकाळी ते सुरू करू नये. 24 तासांचे कार्ड शनिवारी सकाळी दहाला सुरू केले तर ते रविवारी सकाळी दहापर्यंत चालते, त्यामुळे एकाच कार्डात दोन सकाळी साधता येतात. आमच्यासारख्या सावकाश फिरणाऱ्यांना 48 तासांचे घेऊन धावपळ करण्यापेक्षा हे परवडते.

कौल बिघडवणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे फ्योन नावाचा वारा. दक्षिणेकडून येणारी हवा आल्प्स ओलांडताना पलीकडच्या उतारावर आपले पाणी टाकून येते, आणि कोरडी होऊन अलीकडे उतरताना दर 100 मीटरला सुमारे 1 अंशाने तापत येते. त्यामुळे हिवाळ्यातही एखाद्या दिवशी एकदम ऊबदार वाटते, आकाश लख्ख होते आणि दूरचे डोंगर हाताशी आल्यासारखे दिसतात. मात्र वारा जोराचा असला तर रोपवे बंद ठेवतात. या वाऱ्यात आपले डोके दुखते, अशी तिथल्या कित्येक लोकांची तक्रार असते. आकाश स्वच्छ दिसले तरी गाडी चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे ते यासाठी. शिवाय वसंतात आणि शरदाच्या शेवटी काही आठवडे दुरुस्ती-देखभालीसाठी हे रोपवे बंद असतात. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुटीत जाणाऱ्यांनी तारखा ठरवण्यापूर्वी एवढे तरी तपासावेच, आणि मे महिन्यात शिखराजवळच्या पायवाटेवर बर्फ असू शकते हेही लक्षात ठेवावे. माझ्या मते यासाठी सर्वांत चांगला काळ जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा.

वर जाताना

पहिला टप्पा रुळांवरून, तारेने ओढल्या जाणाऱ्या गाडीचा. ती जुन्या पेठेजवळच्या काँग्रेस स्थानकातून सुटते, नदी ओलांडते आणि आठेक मिनिटांत हुंगरबुर्गला पोहोचते. हिची चार स्थानके वास्तुरचनाकार झाहा हदीद यांनी आखली असून ती डिसेंबर 2007 मध्ये सुरू झाली; त्यांची छपरे वितळत्या बर्फाच्या लाटांसारखी दिसतात. मला छपरांपेक्षा गाडीचे डबे अधिक आवडले. चढ जसजसा बदलतो तसतसा प्रत्येक डबा स्वतःला सावरून सपाट राखतो, त्यामुळे उभ्या चढावरही उभ्या माणसाला तोल सांभाळावा लागत नाही. हुंगरबुर्गला उतरून छोटासा चौक ओलांडला की रोपवेचे स्थानक येते. त्या पाळण्यातून 1,905 मीटरवरच्या झेग्रुबेला आणि तिथून दुसऱ्या पाळण्याने हाफेलेकारला जायचे.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर झेग्रुबेला थोडा वेळ थांबावे. तिथे उपाहारगृह आहे, उन्हात बसायला आरामखुर्च्या आहेत, आणि ज्यांना आणखी वर जायचे नसेल त्यांना तिथूनही सगळे शहर दिसते. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी इतक्या झपाट्याने इतकी उंची गाठण्याबद्दल आपल्या डॉक्टरांना बडोद्यातच विचारून घ्यावे. हाफेलेकारच्या स्थानकापासून 2,334 मीटर उंचीच्या शिखरापर्यंत दहा-पंधरा मिनिटांची पायवाट आहे. ती लहान असली तरी चढाची आणि सुट्या खड्यांची आहे, तेव्हा खोबणीदार तळव्याचे बूट हवेत. चपलांवर, कोल्हापुरी असली तरी, हे जमत नाही.

वर पोहोचल्यावर लोक दक्षिणेकडे वळून शहराची छायाचित्रे काढतात आणि परत फिरतात. तसे करू नये. आधी दक्षिणेला पाहावे: पायाखाली इन नदी, तिच्या दोन्ही अंगांना शहर, समोर पाट्शरकोफेलचा गोलसर डोंगर आणि त्याच्या उजवीकडे इटलीत उतरणाऱ्या ब्रेनर खिंडीची वाट. विमानतळ दरीतच असल्यामुळे उतरणारे विमान आपल्या खालून जाते. विमानाची पाठ वरून पाहण्याचा योग मला आयुष्यात तिथेच आला. मग उत्तरेला वळावे. तिकडे कारवेंडेलचे राखाडी कडे एकामागे एक उभे आहेत, आणि डोळ्यांना एकही घर किंवा रस्ता सापडत नाही. एका पावलावर शहर आणि दुसऱ्या पावलावर निर्मनुष्य रान असे ते ठिकाण आहे, आणि माझ्या मते सगळ्या सहलीचे मोल त्या एका वळण्यात आहे.

खाण्याचा डबा तिथे जपून उघडावा. पिवळ्या चोचीचे, लाल पायांचे काळे पक्षी, जे दिसायला आपल्या कावळ्याचे धाकटे भाऊ वाटतात, ते वाऱ्यावर तरंगत अगदी हातभर अंतरावर येतात. आम्ही बरोबर नेलेल्या लिल्या चिवड्यातले काजू त्यांनी कागदावरून अचूक निवडून नेले आणि बटाट्याच्या सळ्या तशाच ठेवल्या. गंमत वाटली तरी त्यांना मुद्दाम घालू नये. तळलेले-खारवलेले त्यांना बाधते.

परतीच्या शेवटच्या पाळण्याची वेळ चढतानाच पाहून ठेवावी. तो संध्याकाळी पाचच्या सुमारास निघतो, आणि जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असल्याने आपल्या मनाला मात्र भरपूर वेळ आहे असे वाटत राहते. लहान मुले असतील तर उतरताना मधल्या स्थानकावर उतरून आल्पेनझू पाहावा. 1962 मध्ये सुरू झालेल्या या प्राणिसंग्रहालयात फक्त आल्प्समधलेच प्राणी ठेवतात, त्यामुळे कमाटीबागेच्या सवयीने वाघ-सिंह शोधणाऱ्यांची निराशा होते. पण कड्यावर निवांत उभा असलेला, बाकदार शिंगांचा आयबेक्स आणि दाढीवाले गिधाड पाहून ती भरून निघते.

शहर, दुपारचे

शहराचा जुना भाग इतका आटोपशीर आहे की त्यात हरवायचे ठरवले तरी हरवता येत नाही. मारिया-तेरेझिया रस्त्याने उत्तरेकडे चालत गेले की आपण सोनेरी छपरापाशी पोहोचतो. सम्राट माक्सिमिलियन पहिला याने चौकातले खेळ आणि सामने पाहण्यासाठी बांधवलेला हा सज्जा 1500 मध्ये पूर्ण झाला, आणि त्याच्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या 2,657 कौलांचे छप्पर आहे. खरे सांगायचे तर लक्ष्मीविलास राजवाडा पाहून मोठ्या झालेल्या माणसाला तो फारच छोटा वाटतो, आणि “हेच का ते?” हा प्रश्न आमच्या तिन्ही खेपांना कोणी ना कोणी विचारलाच. शेजारच्या मनोऱ्याच्या 133 पायऱ्या चढून तो वरून पाहावा. तेव्हा छपराचे तेज आणि चौकाची रचना दोन्ही समजतात.

जास्त वेळ द्यायचा तो हॉफकिर्शे या चर्चला. माक्सिमिलियनच्या समाधीसाठी ते त्याच्या नातवाने बांधले. मधोमध संगमरवरी शिल्पपट्टांनी मढवलेली समाधी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणसाहून उंच अशा 28 काशाच्या मूर्ती पहारा देत उभ्या आहेत. गावातले लोक त्यांना ‘काळी माणसे’ म्हणतात. काही मूर्ती सम्राटाच्या खऱ्या पूर्वजांच्या आहेत, तर काही राजा आर्थरसारख्या, ज्यांना त्याने आपले पूर्वज मानले त्यांच्या. समाधी मात्र रिकामी आहे. सम्राट 1519 मध्ये वारला आणि त्याला व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयश्टाटमध्ये पुरले. कीर्तिमंदिर पाहिलेल्या बडोदेकराला देहाविना उभारलेले स्मारक काही नवे नाही. पण त्या अंधुक उजेडात एकेका मूर्तीच्या चिलखतावरची नक्षी, झालर आणि बोटांतल्या अंगठ्या जवळून पाहताना तासभर कसा जातो ते कळत नाही. रविवारी हे चर्च पर्यटकांसाठी दुपारीच उघडते, हे वेळापत्रकात धरावे.

तिथून पाच मिनिटांवर नदी आहे. पलीकडच्या काठावरची रंगीत घरे आणि त्यांच्यामागे डोंगर, हे इन्सब्रुकचे सर्वपरिचित चित्र अलीकडच्या काठावरून मिळते. याच काठावर मंडई आहे. आपल्या खंडेराव मार्केटची ऐट तिला नसली तरी चीज, पाव, जर्दाळू आणि बोरांसारखी लहान रानफळे तिथे चांगली मिळतात. शनिवारी ती दुपारीच बंद होते.

बेर्गइझेल टेकडीवरचा स्कीउडीचा मनोरा वेळ उरला तरच करावा. हाही झाहा हदीद यांचाच, 2002 चा. शहरात 1964 आणि 1976 अशा दोन हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा झाल्या, त्या काळापासून ही उडीची जागा प्रसिद्ध आहे. उडी मारणाऱ्या खेळाडूला सुटताना समोर सरळ दफनभूमी दिसते, हे त्या जागेचे वैशिष्ट्य तिथे गेल्यावरच पटते. जवळच्या वाटेन्स गावातले स्फटिकांचे प्रदर्शन सहल-कंपन्या हमखास दाखवतात. दोन दिवसांत त्यासाठी अर्धा दिवस घालवावा असे मला वाटत नाही.

रविवार आणि जेवण

मंगळबाजारात रविवारी पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या सवयीने आपण खरेदी रविवारवर ढकलतो. ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात. औषध, दूध, पाव, मुलांचे खाणे, जे काही लागेल ते शनिवारी सहापूर्वी घेऊन ठेवावे. अगदीच अडले तर मुख्य रेल्वे स्थानकातले किराणा दुकान उपयोगी पडते, मात्र तिथे रांग असते. पाणी विकत घेऊ नये. इन्सब्रुकच्या नळाला डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी येते आणि ते बाटलीबंद पाण्याहून चवदार आहे.

शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, पण त्याने गाफील राहू नये. चीज आणि परतलेला कांदा घातलेले केझेश्पेट्सले, पालक घातलेले पावाचे गोळे म्हणजे श्पिनाटक्नोडेल, आणि फळांच्या मुरंब्याबरोबर येणारा तुकडे केलेला गोड कायझरश्मार्न, हे पदार्थ जवळजवळ सगळीकडे मिळतात. तिन्हींमध्ये अंडे असते, तेव्हा ते न खाणाऱ्यांनी पिझ्झा, उकडलेले बटाटे आणि कोशिंबिरीवर भागवावे. सूप मात्र विचारल्याशिवाय मागवू नये. चीजचा गोळा घातलेले सूप ‘मांसाविना’ असल्याचे आम्हाला एका उपाहारगृहात सांगितले गेले आणि ते खरेही होते, कारण गोळ्यात मांस नव्हते. ज्या रश्शात तो तरंगत होता तो रस्सा गोमांसाचा होता, हे अर्धी वाटी संपल्यावर कळले. ‘ओने फ्लाइश’ म्हणजे मांसाविना, ‘ओने श्पेक’ म्हणजे डुकराच्या खारवलेल्या तुकड्यांविना, आणि ‘गेम्यूजेझुपे’ म्हणजे भाज्यांचे सूप, एवढे तीन शब्द पाठ करावेत आणि त्यातही रस्सा कशाचा, हे विचारावे.

घरून खाऊ नेताना एक लक्षात ठेवावे. युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे, बर्फी, तूप हे मुलीसाठी कितीही मायेने बांधले तरी विमानतळावर जप्त होऊ शकतात. चिवडा, खाखरे, भाकरवडी चालतात.

कागदपत्रे, कपडे, गाडी

म्युनिकला मुक्काम असलेल्यांनी जर्मनीकडे शेंगेन व्हिसाचा अर्ज करायचा असतो, आणि त्याच व्हिसावर ऑस्ट्रियात जाता येते. त्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असला तरी शेंगेन देशांमधल्या या फेरीने तो संपत नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा लागतो, पण घेताना त्यात डोंगरातून सुटका करण्याचा खर्च धरला आहे का, ते वाचून पाहावे; हेलिकॉप्टर बोलवावे लागले तर तो खर्च मोठा असतो. डोंगरातल्या मदतीसाठी 140 आणि कोठूनही 112 हे क्रमांक फोनमध्ये असावेत.

शहरात 25 अंश तापमान असताना हाफेलेकारवर ते दहा-अकरा अंशांनी कमी असते, आणि वारा असेल तर त्याहून गार वाटते. बडोद्याच्या जानेवारीतल्या पहाटेचे कपडे जूनमध्ये बरोबर घ्यावेत, असे मी सांगतो, म्हणजे लोकांना लगेच कळते. एका जाड कोटापेक्षा स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारे जॅकेट बरे. उंचावर ऊन तिखट लागते, म्हणून टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन हवेच.

म्युनिकहून थेट गाडी पावणेदोन-दोन तासांत पोहोचवते. जाताना मात्र वेळ असेल तर गार्मिश, मिटेनवाल्ड आणि झेफेल्डवरून जाणारी, 1912 मध्ये सुरू झालेल्या मार्गावरची सावकाश गाडी घ्यावी, आणि झेफेल्डनंतर उजव्या हाताची खिडकी पकडावी. गाडी डोंगराच्या कडेने बोगद्यांतून उतरत असते आणि इनची दरी त्या बाजूला एकदम उघडते. परतीला थेट गाडीच बरी, आणि रविवारी संध्याकाळी तिला गर्दी असल्यामुळे आसन आधी राखून ठेवावे. या गाडीत सीमेच्या आसपास जर्मन पोलीस कागदपत्रे तपासायला चढतात. फोनमधले छायाचित्र त्यांना चालत नाही, तेव्हा मूळ पासपोर्ट वरच्या जाळीत ठेवलेल्या बॅगेच्या तळाशी न ठेवता पर्समध्ये किंवा खिशात असावा.